बिनदुधाच्या बेकरीचे हवालदार

हवालदारांच्या बेकरीत पाय ठेवण्याआधी हात धुवावे लागत. सांगलीतल्या त्या अरुंद गल्लीत दुकानाच्या पायरीशीच त्यांनी नळ बसवून घेतला होता. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, काउंटरमागून खणखणीत आवाज येई, "चहा पिऊन आलाय न्हवं? मग हात धुवा आदी!" कुणी कपाळाला आठ्या घातल्या की म्हणत, "हुकूम हाय. कर्नलसायबालाबी धुवाया लावलं असतं." एकदा एक बडे व्यापारी फणकारून परत गेले, तर हवालदार त्यांच्याकडे न बघता ओट्यावरचा मैदा झाडत राहिले.

दुकानावर पाटी होती, 'अंडे नाही. दूध नाही. लोणी नाही.' येणारे-जाणारे ती वाचून हसत. "मग आहे तरी काय?" आता अशा खाण्याला व्हीगन म्हणतात आणि त्याचं कौतुक होतं. नव्वदच्या दशकात तो शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता. पण नारळाच्या घट्ट दुधाची साय आणि वर तासगावचे बेदाणे अशी ती पेस्ट्री एकदा खाल्ली की हसणारा माणूस दुसऱ्यांदा मुकाट्याने हात धुवायचा.

माझ्यासाठी मात्र ती पाटी म्हणजे जीव भांड्यात पडण्याची जागा होती. माझ्या मनूला दूध आणि अंडं चालत नसे. चालत नसे म्हणजे घसा सुजून श्वास कोंडायचा. मनूचे बाबा फौजेत, दूर सीमेवर. साताऱ्यात मी एकटी, आणि भोवती सल्ला देणारे गावभर. "दुधानं कुणाला काय होतंय का? सवय लावा." दुसऱ्यांच्या वाढदिवसाला माझी पोर कोपऱ्यात चुरमुऱ्यांची मूठ घेऊन बसायची, तेव्हा मला त्या घरातले केक उचलून फेकावेसे वाटत. म्हणून वर्षातून दोनदा, एसटीने तीन तास हेलपाटत, आम्ही सांगलीला जायचो.

मनू दिसली की हवालदार टाचा जुळवून सलाम ठोकत. पेस्ट्रीचा पहिला घास तिने घेतला की विचारत, "रिपोर्ट?" ती तोंड भरलेलं असतानाच ओरडायची, "लय भारी!" ही कला ते फौजेच्या मेसमध्ये शिकले होते. "वर बर्फात ना कोंबडी, ना म्हस. पर सायबाचा वाढदिवस थांबतोय व्हय?" असं सांगून ते स्वतःच हसायचे. पण खाली आल्यावर, सांगलीत दुधाचा पूर वाहत असताना, हा हट्ट कशाला? एकदा मी विचारलंच. त्यांचं हसू मावळलं. "जमतंय त्याच्याबिगर, तर कशाला?" एवढंच म्हणाले आणि भट्टीकडे वळले.

मनूचा वाढदिवस तिथीने दसऱ्याचा. ती सहा वर्षांची झाली त्या दसऱ्याला आम्ही सकाळीच बेकरीत पोचलो. दाराला झेंडूचं तोरण होतं. त्या वर्षी हवालदारांच्या बायको पहिल्यांदाच आटपाडीहून नवरात्रासाठी आल्या होत्या. म्हसवडचं माहेर, कपाळावर ठसठशीत कुंकू, स्वभाव मोकळा. सलाम झाला, मनूने पहिला घास घेतला, आणि वहिनी पंचामृताची वाटी घेऊन बाहेर आल्या. "बाळ, हात कर. पर्साद हाय."

"तिला दूध चालत नाही, वहिनी," मी म्हटलं.

वहिनी हसल्या. "आवं, येका थेंबानं काय व्हतंय? देवाचं हाय. काल आमच्या समद्या ट्रेंवर पंचामृताचा हात फिरवलाय म्या, खंडेनवमीच्या पुजंत. वरनं पदरानं पुसलं नुसतं. पुजंचं धुवायचं नसतंय."

खंडेनवमीला सैनिकाने तलवार पुजावी, शेतकऱ्याने नांगर, तसे बेकरीवाल्याचे ट्रे. त्या माउलीचं काही चुकलं नव्हतं. आणि पूजेच्या आधी ट्रे स्वतःच्या हाताने घासलेले, म्हणून हवालदारांनी ते दसऱ्याला पुन्हा धुतले नव्हते.

हवालदारांनी काउंटरवरून उडीच मारली. मनूच्या हातातली पेस्ट्री उडवून दिली, तिच्या तोंडात बोट घालून घास काढला. पण अर्धा घास आधीच पोटात गेला होता. नळाशी चूळ भरेपर्यंत तिचे ओठ फुगायला लागले. "आई, घसा टोचतोय," ती म्हणाली. हवालदारांनी पोरीला खांद्यावर टाकलं आणि पिठाच्या हातांनीच गल्लीच्या टोकाच्या दवाखान्याकडे धावत सुटले. मी मागे.

डॉक्टर नुकतीच पूजा आटोपून बसले होते. तपासायच्या नळीला कुंकू, इंजेक्शनच्या डब्यावर झेंडू. त्यांनी सुई हातात घेतली आणि हवालदारांनी त्यांचं मनगट धरलं. "डॉक्टर, सुईला पंचामृत लावलंय का?"

"नाही हो, नुसतं फूल वाहिलंय. सोडा हात!"

इंजेक्शन दिलं. मनूचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो हळूहळू मोकळा झाला. मग मात्र माझा बांध फुटला. "माझ्या मुलीला मारलं असतंत तुम्ही!" मी सगळ्या दवाखान्यासमोर म्हणाले. ते मान खाली घालून उभे राहिले.

वहिनी अनवाणी धावत आल्या होत्या, दारात रडत होत्या. त्यांच्यावर ते चिडले नाहीत. "तिची चूक न्हाई," ते मला म्हणाले. "वीस वर्सं झाली लग्नाला, मी तिला कवा सांगितलंच न्हाई." आणि तिथल्याच बाकावर बसून त्यांनी सांगितलं. लहानपणी आटपाडीकडे दुष्काळ पडला, गाय आटत आली. घरच्या लेकरांसाठी सगळं दूध काढून घ्यायचे आणि वासराला ओढून बाजूला बांधायचं काम यांचं. एके सकाळी वासरू उठलंच नाही. "तवापास्नं माज्या घशाखाली दूध उतरंना. बायकूला सांगाया लाज वाटली. फौजी गडी, वासरासाठी रडतोय म्हणंल." वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

मी पुन्हा सांगलीला गेले नाही. राग होता, आणि रागापेक्षा भीती. पुढच्या दसऱ्याला दुपारी आमच्या साताऱ्याच्या घरापुढे हवालदार उभे राहिले. हातात खोका. पायरी न चढता म्हणाले, "ताई, पाणी द्या. आदी हात धुतो." मग म्हणाले, "ट्रे नवीन हायत. तरी इस्वास बसत न्हसंल तर फेकून द्या. राग न्हाई."

मनू माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं, कसं म्हटलं कोण जाणे. तिने खाल्लं. नंतरचा अर्धा तास मी घड्याळाकडे आणि तिच्या ओठांकडे बघत होते. हवालदार पायरीवर बसून तेच करत होते. काही झालं नाही. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे पुसले आणि कोरड्या आवाजात विचारलं, "रिपोर्ट?"

पुढे त्यांना दम लागू लागला, बेकरी बंद झाली आणि ते आटपाडीला गेले. वारल्याची बातमी आली तेव्हा मनूला घेऊन मी भेटायला गेले. वहिनींनी दारातच तांब्या पुढे केला. आम्ही हात धुतले. मग मनूपुढे त्यांनी कोरा चहा ठेवला. "पी पोरी, भिऊ नगंस. ह्या घरात आता दूधच येत न्हाई."

मागच्या गोठ्यात खिलार गाय होती. दावं सोडलेलं वासरू तिला ढुशा देत भर दुपारी पीत होतं. "शेजारणी हसत्यात मला," वहिनी म्हणाल्या. वासराचं पोट भरलं, ते आपलं आपण बाजूला झालं, तोवर आम्ही तिघी तिथेच उभ्या होतो.