शिब्ली गवंड्यानं बसवलेली पायरी

क्रिमियाचं युद्ध का झालं यावर शहाणी माणसं जाडजूड ग्रंथ लिहितायत म्हणे. लिहा बाबांनो, लिहा! मी आपला माझ्या दाजींचं सांगतो. शिब्ली गवंडी. जेरुसलेमपासून दोन तास चाललं की आमचं गाव.

गावच्या चर्चखाली गुहा आहे, उतरायला अकरा पायऱ्या. वरून तिसरी डुगडुगायची. पण बसवायची कुणी? आमच्याकडे रीतच अशी, की जो दुरुस्त करील त्याची मालकी. म्हणून ग्रीक पाद्री लॅटिनांना, म्हणजे रोमच्या पोपला मानणाऱ्यांना, हात लावू देईनात, लॅटिन ग्रीकांना. ग्रीकांच्या पाठीशी रशियाचा झार, लॅटिनांच्या पाठीशी फ्रान्स, आणि आमचा तुर्की सुलतान दोघांनाही ‘हो हो’ म्हणत बसलेला. बेथलेहेमला चर्चच्या चाव्यांवरून भांडण, आमच्याकडे पायरीवरून.

माझी ताई, वर्दे, रोज गुहेत दिवा लावायला जायची. एकदा ती घसरली आणि दाजींचं डोकंच फिरलं. सकाळी चुन्याचं घमेलं घेऊन गेले, पायरी पक्की बसवून आले.

चार दिवसांनी पाद्र्यांच्या लक्षात आलं. झालं, गाव डोक्यावर घेतलं!

“लॅटिनांनी पाठवलं ना तुला?” ग्रीक पाद्री ओरडला.

“नाटकं नकोत, ग्रीकांची फूस आहे ही!” लॅटिन पाद्री.

“अहो, बायको पडली माझी!” दाजी म्हणाले. ऐकतो कोण?

दोन्हीकडून पाशाकडे, सुलतानाच्या सुभेदाराकडे, अर्ज गेले. महिन्याभरानं शिपाई हुकूम घेऊन आले: पायरी होती तशी करा. आणि करायची कुणी? ज्यानं बसवली त्यानंच! दाजींनी छिन्नी घेतली, स्वतःचं काम फोडलं. दोघं पाद्री पाय ठेवून बघत होते, नीट डुगडुगते ना. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यानंतर दाजी रोज ताईला हात धरून उतरवायचे. पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. सुलतानाच्या फौजेनं बराकी बांधायला गवंडी धरून नेले, त्यात दाजीही.

“मी येईपर्यंत गुहेत जायचं नाही हं,” त्यांनी बजावलं.

“मग तुमच्यासाठी दिवा कोण लावणार? झार?” ताई म्हणाली.

ती जातच राहिली. तिसऱ्या महिन्यात त्याच पायरीवरून पडली, ती उठलीच नाही.

तह झाल्यावर दाजी परतले. मी वेशीवरच गाठून सांगितलं.

“चुना चांगला धरला होता रे,” दाजी म्हणाले. “फोडताना केवढा जोर लावावा लागला मला.”