जित्या नवऱ्याच्या बलिया

साठ सालच्या आसपास माझे हात सुजले. आधी मनगटं, मग कोपरं, मग बोटांची पेरं. सकाळी मूठ वळत नसे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, आणि केळापूरकडच्या आमच्या तांड्यात कापसाच्या ऐन वेचणीत सून घरी बसली की तिच्या हातांआधी तिच्या आईबापाचा उद्धार होई.

माझ्या दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या. आम्ही त्यांना बलिया म्हणतो. लग्नात घालायच्या आणि नवरा गेला की बायकांनी मिळून उतरवायच्या, मधे कधीच नाही. सूज चढली तशा त्या मांसात रुतल्या आणि बोटं निळी पडायला लागली.

सासूचं निदान तयारच होतं. कुठल्या तरी देवाचा नवस राहिला असणार. नवस फेडला, सूज तशीच. मग डाग. सळई लाल करून माझ्या मनगटावर टेकवली. अंगात आधीच आग, वर ही आग! जखम बलियांखाली चिघळली, पू वाहू लागला. मी ओरडले ती दुखण्यानं कमी आणि संतापानं जास्त.

"कापा ह्या बलिया," मी म्हटलं.

"जित्या नवऱ्याच्या बलिया कापतं?" सासू किंचाळली. "माह्या पोराले खातं काय?"

"हात सडल्यावर माह्या वाटचा कापूस तुम्ही येचसान काय?"

सुनेनं सासूला असं बोलायचं नसतं. मी बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

नवरा मुलखाचा अबोल. तो उठला, बंडीला बैल जुंपले आणि मला म्हणाला, "चाल."

पांढरकवड्याला सायकली दुरुस्त करणारे एक मुसलमान चाचा होते. लोखंड कापायची बारीक करवत त्यांच्याकडे होती. माझे हात बघून त्यांनी ती खाली ठेवली. "बेटी, हे सुहागाचं काम हाय. तुह्या मालकाले इचारलं काय?"

"मालक मीच," नवरा म्हणाला. "म्या हात धरतो. तुम्ही कापा."

चाचांनी बलिया आणि कातडीच्या मधे चामड्याची पट्टी सरकवली आणि एकेक करून बलिया कापल्या. नवऱ्यानं माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. त्याच्या धोतरावर पांढरा भुगा पडत होता.

हात वाचले, बोटं मात्र वाकडी राहिली. तांड्यातल्या लग्नात नवरीजवळ मला कोणी फिरकू देईना. मग मीही दंडावरची ओढणी मुद्दाम मागे टाकून पाण्याला जायची. बघा म्हटलं, पोटभर बघा.

पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या एका डॉक्टरनं मला हा आमवात समजावून सांगितला. शरीरात काही प्रथिनं एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेतात. शत्रू शिरला, धावा, असा तो निरोप. ऐकताना मला आमचा तांडा दिसला. चोर आला की नगारा वाजतो आणि माणसं काठ्या घेऊन पळत येतात. माझ्या अंगात चोर नसतानाच नगारा वाजत होता आणि काठ्या माझ्याच सांध्यांवर पडत होत्या. आता म्हणे त्या निरोपालाच अडवणारी इंजेक्शनं निघाली आहेत.

"मंग यात देवाचा नवस कुठी आला?" मी विचारलं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मनगटावरचा डाग अजून आहे.

सासूनं ज्याच्या मरणाची धास्ती घेतली होती, तो माझा नवरा नातवंडं खांद्यावर खेळवून, पिकल्या केसांनी गेला. तेव्हा रीतीप्रमाणे बायका माझ्या बलिया उतरवायला जमल्या. मी माझे उघडे, वाकडे हात त्यांच्यापुढे धरले.

"त्यानं जितेपणीच हात धरून उतरवल्या," मी म्हटलं. "तुमच्यासाठी काईच ठेवलं नाई."