मेणात बुडवलेले गुलाब

समोरच्या काकूंनी त्या वर्षी एक थाप मारली नसती, तर आज मी आमच्या रस्त्यावरून मान वर करून चालले नसते. तोंडावर मी त्यांना काकू म्हणत नाही. इथे लहानथोर सगळ्यांना नावानेच हाक मारतात. पण माझ्या मनात त्या काकूच.

नववीत माझी शाळा सुटली. नवरा चाकणच्या कारखान्यात मशीन जोडायचा, कंपनीने त्याला हॉलंडला पाठवलं. तेही रॉटरडॅम किंवा आल्मेरेला नाही, जिथे मराठी माणूस भेटला असता. आम्ही आलो पार पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीजवळच्या एका बाजाराच्या गावात. गुरुवारी चर्चसमोर बाजार भरतो, बाकी दिवस सगळं गप्प. गाव एवढंसं, पण मंडळं किती! बँडचं, पत्त्यांचं, नेमबाजांचं, जुने फोटो जमवणाऱ्यांचं, आणि प्रत्येक रस्त्याचं वेगळं. आमच्या रस्त्याच्या मंडळात आम्ही आपोआप आलो होतो, पण मी बैठकीला जायची नाही. कुणी काही विचारलं तर? मी मुळातच घाबरट.

उजवीकडच्या घरात एक आजी-आजोबा राहतात. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी दाराची चौकट नव्याने रंगवली. आजींनी पडदे धुतले. मी वाट बघत होते, आज बोलावतील, उद्या बोलावतील. बोलावलंच नाही. वर आजोबा दिसले की नुसती मान हलवायचे आणि आत जायचे.

"आपण कोण त्यांचे? भाडेकरू," नवरा म्हणाला.

"भाडेकरू असलो म्हणून काय झालं? भिंतीला भिंत लागून आहे," मी म्हणाले. मला खरंच लागलं होतं. आपल्याकडे शेजाऱ्याला वगळून कार्य होतं का?

मग एका सकाळी काकू आल्या. कॉफी झाली. इथल्या पद्धतीने एकच बिस्कीट घेऊन त्या हळूहळू, मला कळेल असं बोलल्या, "कमान कधी सुरू करतेस?"

"कसली कमान?"

त्यांनी कप खाली ठेवला. या भागात लग्नाला पन्नास वर्षं झाली की दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान उभारतात आणि तिच्यावर कागदी गुलाब लावतात. गुलाब सगळ्या रस्त्याने मिळून करायचे. पण लोकांना गोळा करायचं ते पहिल्या शेजाऱ्याने, आणि आमच्या रस्त्यावर पहिला शेजारी म्हणजे त्या घराला चर्चच्या दिशेने लागून असलेल्या घरातला. म्हणजे आम्ही.

"पण त्यांनी आम्हाला बोलावलंच नाही!"

"ते कसे बोलावतील? माझ्या दाराला फुलं लावा, असं कुणी आपल्या तोंडाने सांगतं का?" काकू हसायला लागल्या, आणि माझा चेहरा बघून थांबल्या.

मी आमंत्रणाची वाट बघत रुसून बसले होते, आणि भिंतीपलीकडे ती दोघं माझी वाट बघत होती. आजोबांचं ते मान हलवून आत जाणं! त्यांना वाटलं असणार, आता या वयात परक्या शेजाऱ्यांमुळे आपलं दार कमानीवाचून उघडंबोडकंच राहणार. हातात जेमतेम तीन आठवडे होते.

"मला जमणार नाही. मी शिकलेली नाही. लोक काय म्हणतील?"

"मीही शाळा सोडून बेकरीत लागले होते," काकू म्हणाल्या. "चल, कोट घाल."

घरोघरी बेल मला वाजवायला लावली. त्या फाटकापाशी उभ्या. तिसऱ्याच घरातल्या उंच, टकल्या गृहस्थांनी विचारलं, "एवढा उशीर का केला? आम्हाला वाटलं, यंदा काही नाहीच."

मी वळून फाटकाकडे पाहिलं. मागून काकू म्हणाल्या, "अरे, ती म्हणते, गुलाब जुन्या पद्धतीनेच करायचे. मेणात बुडवून. पण पुरेसं मेण मिळेना, म्हणून वेळ लागला."

"मेणात?" त्यांचा चेहरा खुलला. "माझी आई करायची! आता तर सगळे प्लॅस्टिकचे आणतात."

मी मेणाचा गुलाब जन्मात पाहिला नव्हता. पण थाप रस्ताभर माझ्यापुढे धावली. शेवटच्या घरी पोचेपर्यंत लोकांनी दिलेल्या जुन्या मेणबत्त्यांनी पिशवी भरली होती.

त्याच दुपारी काकूंनी मला शिकवलं. कागद तारेवर गुंडाळायचा, पाकळी अंगठ्याने ताणायची, वितळलेल्या मेणात एकदाच बुडवून गिरकी द्यायची. मग रोज संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये सगळा रस्ता. मी पोह्यांची परात ठेवली, तर आधी कुणी हात लावेना. एवढं खाणं म्हणजे जेवण, आणि जेवायला तर बोलावलेलं नाही! काकूंनी पहिली बशी भरली, मग परात पुरेना.

"हा गुलाब आहे की कोबी?" त्या टकल्या गृहस्थांच्या फुलाकडे बघून काकू म्हणायच्या.

"कोबीच. पन्नास वर्षं संसार केला की गुलाबाचा कोबीच होतो."

"तुझ्या बायकोला सांगू का?"

"तिनेच मला सांगितलंय!"

कमान चढवली त्या सकाळी आजी-आजोबा रिवाजाप्रमाणे काहीच माहीत नसल्यासारखे आत बसले होते. मग दार उघडलं. आजोबांनी एका गुलाबाला बोट लावलं, मेण ओळखलं आणि आजींना हाक मारली. आजींनीही एका पाकळीला बोट लावून पाहिलं. मग आजोबा माझ्याकडे वळले. "आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला आम्ही आवडत नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, मलाही तेच वाटलं होतं. आजींनी मला ओढून आत नेलं.

उशीर का झाला, हे काकूंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचे यजमान लग्नाला पन्नास वर्षं व्हायच्या आधीच गेले, त्यामुळे त्यांच्या दाराला कमान कधी लागलीच नाही. दुसऱ्यांची कमान बांधायला मात्र त्या दर वेळी हात लावतात. एकट्या माणसासाठी कमान करत नाहीत म्हणे. नसतील करत. काकू, काहीतरी निमित्त मी शोधून काढीन, सगळ्या रस्त्याला गॅरेजमध्ये बसवीन, आणि एक दिवस तुमच्या दाराला कमान लावीन. तुम्ही फक्त आत बसा, आणि काही माहीत नसल्यासारखं करा.