मुंबईला न पोचलेलं विमान

माझं काम समुद्राचा तळ मोजायचं. दुबईत येऊन बरीच वर्षं झाली, पण पुण्यातल्या नातेवाइकांना ते मला अजून नीट समजावून सांगता आलेलं नाही. बोटीच्या मागे एक यंत्र पाण्यात सोडतात. ते आवाज सोडतं, तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकतं, आणि त्याचं चित्र माझ्यासमोरच्या स्क्रीनवर हळूहळू सरकत राहतं. वाळू, पुन्हा वाळू, एखादा खडक, मासे धरायचे टाकून दिलेले पिंजरे. दिवसचे दिवस काही घडत नाही, आणि खरं तर ते मला आवडतं.

दुबईच्या उत्तरेला, उम्म अल क्वेनच्या किनाऱ्यासमोर, एका केबलच्या मार्गाची पाहणी चालली होती. सकाळ होती, पाणी अगदी सपाट होतं. स्क्रीनवर माशाच्या काट्यासारखं काहीतरी उमटलं. लांबट, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला जड गोळा. मला आधी होडी वाटली. पण होडीच्या फासळ्या एवढ्या बारीक नसतात. आमचा पाणबुड्या केरळचा, मोजकं बोलणारा. तो खाली जाऊन आला, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "प्लेन है. बहुत पुराना."

त्याने आणलेलं शूटिंग आम्ही केबिनमध्ये बघितलं. पंखांचं लाकूड आणि कापड केव्हाच संपलेलं. उरलं होतं इंजिन, नळ्यांचा सांगाडा, पेट्रोलची टाकी. ते इतकं लहान होतं की यात बसून कुणी समुद्र ओलांडायला निघालं असेल हे पटेना. पण एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. ते मोडलेलं नव्हतं. पोटावर सरळ बसलं होतं, कुणी अलगद आणून ठेवल्यासारखं.

नियमाप्रमाणे सरकारी खात्याला कळवलं. इंजिनावरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो इंग्लंडमध्ये जुन्या विमानांचा नाद असलेल्या एका गृहस्थांकडे गेला आणि त्यांनी ते ओळखलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं विमान. कारखान्यातून नवंकोरं निघालेलं. मुंबईच्या कुणा हौशी धनिकाने मागवलेलं, आणि एक तरुण वैमानिक एकट्यानेच ते पोचवायला निघालेला. युरोप, मग इराक, मग आखाताचा किनारा, असं टप्प्याटप्प्याने. इथल्या एका मुक्कामावरून उडालं ते पुढच्या मुक्कामाला पोचलंच नाही. समुद्रावर बेपत्ता, एवढंच घरच्यांना कळवलं गेलं होतं.

मुंबईला निघालं होतं, हे वाचून मला कसंसंच झालं. दर दिवाळीला मी त्याच समुद्रावरून जाते. जेवण येतं, ट्रे उचलतात, एखादा सिनेमा अर्धा होतो आणि मुंबई येते.

माझा नवरा जुमेरा लेक टॉवर्समध्ये विमानं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आहे. त्या संध्याकाळी अल बर्शाच्या घरी जेवताना मी त्याला सगळं सांगितलं.

"अगं, त्या काळी अशी कितीतरी विमानं गेली," तो म्हणाला. "इंजिन नवीन, अजून नीट चाललेलंही नाही. रस्ता अनोळखी. रेडिओ नाही. खाली बघत बघत किनारा धरून जायचं. धुळीचं वादळ आलं की किनाराच दिसेनासा होणार."

"मग जायचे कशाला?"

"विमान विकलं तर ते पोचवायला नको का? बोटीने पाठवायला वेळ लागायचा. आणि अशा कामाला हात वर करणारी पोरंही असायची." त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याच्या कंपनीचं एक नवीन विमान तेव्हा कारखान्यातून निघालं होतं. निळ्या समुद्रावर एक पिवळा ठिपका सरकत होता. वेग, उंची, सगळं बाजूला लिहिलेलं.

आमची मुलगी डोकावून म्हणाली, "सो ही वॉज लाइक अ डिलिव्हरी गाय?"

नवरा हसला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले.

काही आठवड्यांनी त्या वैमानिकाची भाची इंग्लंडहून दुबईला आली. ऐंशी ओलांडलेली बाई, ताठ, पातळ पांढरे केस मागे बांधलेले. त्यांच्या जन्माआधीच मामा गेला होता. आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलायची. बाईंना ती जागा बघायची होती. मॅनेजर मला म्हणाले, "तूच शोधलंस, तूच घेऊन जा."

बोट निघण्याआधी पाणबुड्याने मला बाजूला घेतलं. सीटजवळची वाळू त्याने हाताने बाजूला केली होती. वैमानिकाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं कापड गेलं होतं, पण धातूचा खटका सापडला होता. "खुला था," तो म्हणाला. "तो आपटून उघडत नाही. हातानेच उघडावा लागतो. बाईंना सांगायचं का, तुम्ही ठरवा."

मी काही ठरवलं नव्हतं. पण त्या जागी बोट थांबली, इंजिन बंद झालं, आणि बाईंनीच विचारलं. पाण्याकडे बघत, अगदी साध्या आवाजात. "तो आत होता का?"

मी म्हणाले, "खटका उघडा होता. आमच्या माणसाचं म्हणणं आहे की तो स्वतः उघडून बाहेर पडला."

बोट हलकेच डुलत होती. बाई म्हणाल्या, "आई आम्हाला सांगायची, त्याला काही कळलंच नसेल. एका क्षणात गेला असेल. त्यावरच ती जगली." आणि त्यांनी विचारलं, "किनारा कुठल्या बाजूला?"

मी हात दाखवला. उन्हाच्या धुरकटात एक पुसट रेघ दिसत होती. लांब होती, पण दिसत होती. बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या आणि मीही. पोहत निघालेल्या माणसाला ती किती वेळ तेवढीच लांब दिसत राहिली असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात शिरला तो अजून गेलेला नाही.

"तो चांगला पोहायचा," बाई म्हणाल्या. आणलेली फुलं त्यांनी पाण्यात सोडलीच नाहीत. तशीच मांडीवर धरून बसल्या.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा तिथे एक वृद्ध गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, हातात काठी. तिथल्याच कोळ्यांच्या घराण्यातले. विमान सापडल्याची बातमी त्या लहानशा बंदरात केव्हाच फिरली होती. ते उठले आणि माझ्याशी थेट हिंदीत बोलू लागले. लहानपणी वडिलांबरोबर लाँचने मुंबईला जायचे, तिथेच हिंदी शिकले होते.

"बेटी, ये उसके घर की है?"

"हां चाचा. उनका मामा था."

ते बाईंकडे वळले. "उसको बोलो, वो आदमी हमारे घर आया था."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी मान हलवली आणि आम्हाला शेजारच्या सावलीत नेऊन बसवलं. चहा आला. मग ते सांगू लागले, आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत बाईंना सांगत गेले.

त्यांचे वडील तेव्हा लहान होते. धुळीचं वादळ होऊन गेलेलं. पहाटे माणसं जाळी बघायला गेली तर ओहोटीच्या चिखलात एक गोरा माणूस गुडघ्यांवर पुढे सरकत येत होता. अंगावर धड कपडे नाहीत, पाय कालवांच्या शिंपल्यांनी कापलेले. त्यांनी त्याला उचलून झावळ्यांच्या घरात आणलं. आजीने त्याला कापसाच्या बोळ्याने पाणी पाजलं. शारजाला तेव्हा गोऱ्यांची विमानं उतरायची; आजोबांनी तिथे निरोप पाठवायला होडी सोडली, पण वाऱ्याचा जोर ओसरला नव्हता. होडी परत फिरली. तो माणूस तापाने फणफणला होता. तरी तो बोलायचा. सारखा एकच शब्द. आजोबांचा हात धरून, समुद्राकडे बोट करून, तोच शब्द. दुसरी होडी निघायच्या आत तो गेला.

"कौनसा शब्द?" मी विचारलं.

"तेलदम," ते म्हणाले.

तो शब्द कुणाला कळला नव्हता. पण घरात राहिला. वडिलांनी यांना सांगितला, यांनी आपल्या मुलांना. एखादं मूल एकाच गोष्टीचा धोशा लावू लागलं की आजही त्यांच्या घरी म्हणतात, तेलदम लावू नकोस.

बाई माझ्याकडे बघत होत्या. शेवटचं मी अजून सांगितलं नव्हतं. भाषांतर करायला त्यात काही नव्हतंच. मी फक्त तो शब्द म्हणाले. त्यांनी तो ओठातल्या ओठात म्हणून पाहिला. घरातली सगळी नावं त्यांनी आठवली, आईचं, आजीचं, गावाचं, कुत्र्याचंसुद्धा. एकही जुळेना. मग त्यांनी त्या वृद्धांना विनंती केली, "पुन्हा म्हणाल का?"

ते पुन्हा म्हणाले. सावकाश, डोळे मिटून, लहानपणी ऐकलं होतं तसं.

"टेल देम," बाई म्हणाल्या. "त्यांना सांगा. असेल का असं?" आणि लगेच म्हणाल्या, "की मलाच तसं हवंय म्हणून ऐकू येतंय?"

मी ते हिंदीत सांगितलं. वृद्ध गृहस्थांचा चेहरा पडला. "हमको समझ में नहीं आया," ते म्हणाले. "किसको बोलना था, क्या बोलना था." नंतर शारजाला कुणी कळवलं का, असं मी विचारलं. "कळवलं असेल. माझे आजोबा तसे माणूस होते. पण कोळ्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं असेल की नाही, अल्ला जाणे."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुमच्या आजीनं त्याला पाणी पाजलं. माझ्या आईला हे कळायला हवं होतं." मी ते त्यांना हिंदीत सांगितलं.

त्याला पुरलं होतं ती जागा त्यांनी दाखवली. तो मुसलमान नव्हता म्हणून गावाच्या कबरींपासून थोडा बाजूला, उंचवट्यावर, डोक्याशी प्रवाळाचा एक दगड. आता तिथे उंचवटा नव्हता. भराव घालून रस्ता झालेला, पलीकडे गोदामं, आणि ट्रक उभे करायची मोठी फरसबंद जागा. चाचा काठीने अंदाज घेत इकडे तिकडे फिरले. एका जागी थांबले, मग मान हलवून दुसरीकडे गेले. शेवटी म्हणाले, "यहीं कहीं." बाईंनी फुलं एका ट्रकच्या सावलीत, फरशीवर ठेवली. ड्रायव्हर खाली उतरून बघत होता. त्याने काही न विचारता टोपी काढून हातात धरली.

बाई परत गेल्या. केबलचा मार्ग थोडा वळवला गेला, विमान तिथेच राहिलं. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. नात्यातल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं. एक भाऊ म्हणाला, 'टेल देम' नसेल, 'हेल, डॅम' असेल, शिवी दिली असेल; मामा तसाच होता म्हणे. हे सांगताना त्या हसल्या. मग विचारलं, "ते गृहस्थ बरे आहेत ना?" मी म्हणाले, बरे आहेत. मध्ये एकदा धक्क्यावर भेटले होते, तुमची चौकशी करत होते.

मी अजून तेच काम करते. स्क्रीनवर वाळू सरकत असते. पण आता वाळूला वाळू म्हणून बघता येत नाही. प्रत्येक उंचवट्यापाशी हात थांबतो. किनारा दिसला की मी नकळत अंतर मोजते, पोहणाऱ्या माणसाच्या हातांनी.

परवा घरी कपड्यांच्या घड्या घालत होते. मुलगी अभ्यास करता करता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

"आई, व्हॉट आर यू सेइंग?"

"काही नाही," मी म्हणाले.

"यू आर. द सेम वर्ड. यू कीप सेइंग इट."