तळ्याचा मान

खण-नारळ घेऊन मी पुढं झाले आणि तळ्याचे मालक आप्पा, त्यांच्या बायकोनं माझं मनगट धरून मला मागं ओढलं. नवी नवरी होते मी. धारूरच्या डोंगराखाली, तळ्याच्या बांधावर, साऱ्या गावासमोर. म्हणाली, "तळ्याची ओटी मालकीण भरती. मेंढक्यांच्या बायांनी खालीच उभं ऱ्हावं."

बायका हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बांध आप्पांच्या रानात, आप्पांच्याच खर्चानं झालेला. पण मातीचा थर पडला की त्यावर फिरवायची मेंढरं आमची. माझ्या सासऱ्यांनी उन्हाळाभर कळप फिरवून, खुरांनी दाबून तो बांध पक्का केला. तळं भरलं आणि त्याच मेंढरांना पाण्यावर बंदी आली. खाजगी आहे, एवढंच उत्तर. दर जलपूजनाला मी खालीच उभी राहिले. राग यायचा. गिळायचे.

यंदा आप्पा स्वतः वस्तीवर आले. बांधाच्या खालीच आमची घरं, पण हा माणूस कधी फिरकला नव्हता. घोंगडीवर बसले. चहा घेतला. म्हणाले, यंदा ओटी तुम्ही भरा, तळं काय माझं एकट्याचं नाही, वस्तीचंच आहे. नवरा हरखला. बायकांनी पेटीतल्या साड्या काढल्या. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. ज्यानं मेंढराला घोटभर पाणी दिलं नाही, तो अख्खं तळं कशाला देईल?

मी बांधाच्या पायथ्याशी जाऊन बघितलं. पाझर तिथं नेहमीच असतो, पण नितळ. आता गढूळ येत होता. आतून माती वाहत होती. वर उसाला पाणी पुरावं म्हणून आप्पांनी सांडव्यात वाळूची पोती रचलेली. जादा पाणी जायला वाटच नाही. आणि आमच्याकडं जी ओटी भरते, तळं तिच्या घरचं, असं गाव मानतं. बांध फुटला तर मरणार आम्ही, आणि वर तळंही आमचंच ठरणार, म्हणजे दोषही आमच्याच माथी.

पूजनाच्या दिवशी आप्पांनी ताट माझ्यापुढं केलं. मी हात मागं घेतले.

"तळं तुमचं हाय, आप्पा. फुटलं तरी तुमचंच. आदी सांडवा मोकळा करा."

आप्पा जवळ आले, हळूच म्हणाले, "मान दिला तर माजलीस व्हय?"

हो, माजले. पदर खोचून सांडव्यात उतरले आणि पहिलं पोतं ओढलं. नवरा मान खाली घालून उभा. मग वस्तीतल्या बाया उतरल्या. पाणी सुटलं.

तहसीलला तक्रार दिली आहे, मालक म्हणून आप्पांचंच नाव सांगून. त्यांची माणसं पोती रचायला परत येणार, हे मला ठाऊक आहे. माझा कळप आता सांडव्याच्या तोंडाशीच बसतो, आणि मीही. इथं पोतं ठेवायचं असेल तर आधी मला उचलावं लागेल.