छज्ज्याखालची पिवळी एक्झोरा

"मॅडम, तुमची झाडं मरतायत," सेक्रेटरी सावंत म्हणाले. तुमची. लावली तेव्हा सोसायटीची होती.

वर्सोव्यातल्या त्या सोसायटीचं गार्डन हे माझं पहिलं मोठं काँट्रॅक्ट. मे संपताना एक्झोरा लावली होती. लाल गुच्छांची झुडपं. जुलैत एकाच भिंतीलगतच्या रांगेची पानं पिवळी पडली, कडा करपल्या. बाकीची पावसात मजेत. महिनाअखेर सुधारली नाहीत तर काँट्रॅक्ट दुसऱ्याला, असं सावंतांनी ऐकवलं.

मुळाशी पाणी तुंबलं असेल म्हणून बोट खुपसलं. तसं काही नव्हतं. वर तळमजल्याच्या खिडकीचा छज्जा, पाऊस तिथे पोचतच नव्हता. शहाणी बाई इथे थांबून विचार करती. माझे केस तेव्हा काळे होते, अक्कल यायची होती. मी ठरवलं, कोणीतरी ॲसिड टाकतंय.

वॉचमनवर संशय. गाड्या धुणाऱ्यावर संशय. आधीच्या काँट्रॅक्टरवर तर खात्रीच. मग ओढणीनं तोंड बांधून मी रोज पहाटे टाकीमागे दबा धरला. गुन्हेगार पहाटेच येतात, हा माझा समज.

चौथ्या-पाचव्या दिवशी सावंतांनी ऑफिसात बोलावलं. "चोर सापडला. सीसीटीव्ही बघा."

स्क्रीनवर तोंड बांधलेली बाई. झाडांशी वाकते, माती हुंगते, पळते.

"ही मी आहे."

"अच्छा. म्हणजे तुम्हीच?"

"अहो, पुढचं तर दाखवा."

पुढे, ऐन स्वयंपाकाच्या वेळी, खिडकीच्या ग्रिलमधून एक हात आला आणि पातेलं उपडं झालं.

ती हिरामावशींची खिडकी. जन्म कोळीवाड्यात गेलेला. आम्ही बेल वाजवली.

"मावशी, झाडांना काय घालता?"

"मासळीचं पाणी. माझी जास्वंद त्यावरच फुलायची."

"कुठली मासळी?"

"पावसाळ्यात मासेमारीला बंदी, ताजी कुठनं आणू गं? खारा बांगडा भिजवते, त्याचं. पोरं पिवळी दिसली, म्हणून आता दुप्पट घालते."

ताजी मासळी धुतलेलं पाणी म्हणजे खत. खाऱ्या बांगड्याचं म्हणजे मीठ, आणि मीठ मुळांना पाणी पिऊ देत नाही. उघड्यावर पावसानं ते धुऊन नेलं असतं. छज्ज्याखाली साठत गेलं.

मी चर काढला, पाइप लावून साधं पाणी भरपूर सोडलं. करपलेलं पान परत हिरवं होत नाही. पण महिना संपता संपता नवे शेंडे हिरवे फुटले. काँट्रॅक्ट राहिलं. सावंतांनी एक अट वाढवली: मॅडमनी तोंड उघडं ठेवून यावं.

आता कुठे नवी झाडं पिवळी दिसली की मी आधी वर बघते. मग बेल वाजवून विचारते, आज जेवायला काय केलंय?