केल्विनबाई आणि विसण

"आज तीनशे आठ आहे गं! जीव जातो की काय!" दार उघडता उघडता बाई म्हणायच्या. नव्या मुलीला वाटे, झालं, बाईंचं डोकं फिरलं. तसं काही नव्हतं. खडकीत आमची उष्मागतिकीची शिकवणी घेणाऱ्या या बाई तापमान फक्त केल्विनमध्ये सांगत. पस्तीस अंश म्हणजे त्यांचे तीनशे आठ. एकदा तापाने फणफणल्या, तर डॉक्टरांनाही "तीनशे बारा" म्हणाल्या. म्हणून त्या केल्विनबाई. आता मीही घरी तसंच बोलते आणि नवरा कपाळावर हात मारतो.

मी यवतमाळची, इंजिनीअरिंगसाठी वाघोलीला आलेली आणि याच एका विषयात गटांगळ्या खाणारी. "या वेळी राहिलीस तर सामान बांध आणि घरी ये," असं बाबांनी फोनवर बजावलं होतं. बाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, धीर देतील. त्या म्हणाल्या, "सामान मग बांध. आधी बादली उचल."

बाईंची शिकवणी न्हाणीघरात सुरू व्हायची. अंघोळीचं कढत पाणी सोसेल असं करायला त्यात जे गार पाणी घालायचं, ते विसण. त्यावर त्या एन्ट्रॉपी, म्हणजे उष्णतेच्या विखुरण्याचं माप, शिकवत. गरम पाणी जेवढी उष्णता देतं तेवढीच गार घेतं, म्हणजे एन्ट्रॉपीची बेरीज शून्य, असं मी छाती ठोकून सांगितलं.

"वा! भरल्या पोटी जिलबी आणि उपाशी पोटी जिलबी सारखीच का गं? तेवढीच उष्णता गाराला जास्त लागू पडते. गरमाची एन्ट्रॉपी घटते, त्याहून गाराची जास्त वाढते. मिसळलं की एकूण वाढणारच. उणे आलं तर विश्व नाही चुकलं, तू चुकलीस."

एकदा तीन तांबे कढत आणि एक तांब्या गार असं गणित होतं. मी दोन्ही तापमानांचं सरळ मधलं काढून मोकळी. बाईंनी खरोखरच तसं पाणी पुढे ठेवलं. "मधलं ना? घाल बोट." आई गं! असा चटका बसला! "कोण किती आहे तेही बघावं, बाळ," म्हणत त्यांनी बोटावर गार पाणी ओतलं आणि वर एक बेसनाचा लाडू दिला.

परीक्षेत नेमकं तसंच गणित आलं, एकूण एन्ट्रॉपी काढायची, आणि माझं उत्तर आलं उणे. यवतमाळची गाडीच दिसायला लागली. मग बाईंचं बोलणं आठवलं, बोटाचा चटका आठवला. पुन्हा मधलंच काढलं होतं मी! सगळं खोडलं, गरम पाण्याच्या वजनाला त्याचा मान दिला, आणि उत्तर अधिक आलं. भर वर्गात मी हसले.

पास झाले! पेढे घेऊन धावत खडकीला गेले, तर दारात सामान बांधलेलं. माझं नव्हे, बाईंचं. त्या कायमच्या मुलाकडे बेंगळुरूला निघाल्या होत्या. मला रडू आवरेना.

"विसण घातलेल्या पाण्यातून गार पुन्हा वेगळं काढता येतं का गं?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग रडतेस कशाला? पेढा दे."